गुण वाढले, हा पुरावा नव्हे

प्रवेश परीक्षा दुसऱ्यांदा देणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचे गुण पहिल्या खेपेपेक्षा एकदम खूप वाढले, तर परीक्षा घेणाऱ्या संस्थेने काय करावे? त्याचे अभिनंदन करावे की चौकशी लावावी? प्रश्न साधा दिसतो; पण त्यात मापनशास्त्र आहे, संभाव्यतेचे गणित आहे आणि न्याय-अन्यायाचा भागही आहे. अमेरिकेतील परीक्षा-संस्थांना गेली अनेक दशके या प्रश्नाला तोंड द्यावे लागत आहे. त्यांनी बसवलेली पद्धत कशी चालते, तिच्यातले काय घेण्याजोगे आणि काय टाकण्याजोगे, हे आपण तपासून पाहू.

अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी ‘सॅट’ ही परीक्षा १९२६ सालापासून घेतली जाते. परीक्षा ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेची. पण ती भरवण्याचे, तपासण्याचे आणि तिच्या सुरक्षिततेचे काम अनेक दशके ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’, म्हणजे ई.टी.एस., या १९४७ साली स्थापन झालेल्या संस्थेने सांभाळले. १९९० च्या सुमारास या परीक्षेचे भाषा आणि गणित असे दोन विभाग होते. प्रत्येक विभागाला कमीत कमी २०० आणि जास्तीत जास्त ८०० गुण मिळत, म्हणजे एकूण गुण ४०० ते १६०० यांच्या दरम्यान पडत. ही परीक्षा एकाहून अधिक वेळा देता येते आणि पुष्कळ विद्यार्थी ती तशी देतातही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. वर्गशिक्षक मुलाला रोज पाहतो. त्याची वही, त्याचे अक्षर, त्याचे आजारपण, अभ्यासाला लागलेले त्याचे मन, हे सारे शिक्षकाला ठाऊक असते. परीक्षा-संस्थेने मुलाला कधी पाहिलेलेही नसते. तिच्या हाती असतात दोन उत्तरपत्रिका आणि दोन आकडे. एवढ्यावरून तिला ठरवायचे असते की, हे गुण खरे मानायचे की नाही.

४१० गुणांचा खटला

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, हे न्यूयॉर्कमधील एका खटल्यामुळे उजेडात आले. क्वीन्स भागातील एका शालेय विद्यार्थ्याने मे १९९१ मध्ये सॅट दिली आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये पुन्हा दिली. सहा महिन्यांत त्याचे एकूण गुण ४१० ने वाढले. ई.टी.एस.चा त्या वेळचा नियम असा होता की, एकूण गुण ३५० पेक्षा जास्त वाढले तर ते नाव आपोआप ‘मोठा फरक’ या यादीत जायचे. या विद्यार्थ्याचे नाव तसे गेले. सुरक्षा विभागाने दोन्ही उत्तरपत्रिका समोरासमोर ठेवल्या, तेव्हा अक्षरात फरक वाटला. हस्ताक्षरतज्ज्ञाने सांगितले की, दोन्ही उत्तरपत्रिका वेगवेगळ्या व्यक्तींनी लिहिलेल्या आहेत. मुलाच्या जागी कुणी डमी बसला होता, असा याचा सरळ अर्थ. संस्थेच्या परीक्षण मंडळाने दुसऱ्या परीक्षेचे गुण रद्द करण्यास पुरेसा आधार असल्याचे प्राथमिक मत दिले.

मग मुलासमोर पाच पर्याय ठेवण्यात आले: आपली बाजू मांडणारी जास्त माहिती द्यावी, फी न भरता पुन्हा परीक्षा द्यावी, गुण रद्द करून फी परत घ्यावी, ज्या महाविद्यालयाकडे गुण जायचे त्याच्याकडे प्रकरण सोपवावे, किंवा लवादाकडे जावे.

मुलाने पहिला पर्याय निवडला. मे महिन्यातील परीक्षेच्या वेळी आपल्याला मोनोन्यूक्लिओसिस हा अंगातले त्राण घालवणारा विषाणुजन्य आजार झाला होता, याचा दाखला त्याने दिला. दुसऱ्या परीक्षेआधी त्याने तयारीचा वर्ग लावला होता. पहिलीआधी लावला नव्हता. त्या वर्गातील चाचणीचे निकाल त्याने जोडले. तो नोव्हेंबरच्या परीक्षेला हजर होता, असे त्या केंद्रावरील पर्यवेक्षकाने लिहून दिले. त्याच खोलीत बसलेल्या दोन विद्यार्थ्यांनीही तसेच सांगितले. त्यांपैकी एक तर त्याच्या ओळखीचाही नव्हता. घरच्यांनी आपल्या बाजूने एका हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत घेतले. त्याच्या मते दोन्ही अक्षरे याच मुलाची होती.

ई.टी.एस.ने दुसऱ्या एका तज्ज्ञाला विचारले आणि आपले मत कायम ठेवले. प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयांनी मुलाच्या बाजूने कौल दिला. डिसेंबर १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने अखेरचा निकाल दिला, आणि तो प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावा असा आहे. न्यायालय म्हणाले, गुणांच्या खरेपणाबद्दल शंका असेल तर ते रद्द करण्याचा अधिकार संस्थेला करारानेच दिला आहे. तिने स्वतः बाहेर जाऊन साक्षीदार शोधावेत असेही बंधन नाही. पण विद्यार्थ्याला ‘माहिती द्या’ असा पर्याय दिल्यावर ती माहिती प्रामाणिकपणे विचारात घेणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. संस्थेने ते केले नाही. आक्षेप डमी बसल्याचा होता आणि मुलगा खोलीत हजर असल्याची साक्ष समोर होती. तरीही परीक्षण मंडळाच्या काही सदस्यांना ती गैरलागू वाटली. अशा रीतीने संस्थेने करार मोडला, असे न्यायालयाने ठरवले. मात्र ‘गुण जाहीर करा’ असा आदेश त्याने दिला नाही. ‘ही माहिती आता प्रामाणिकपणे विचारात घ्या’ एवढाच आदेश दिला. गुण खरे आहेत असे न्यायालय म्हणाले नाही, खोटे आहेत असेही म्हणाले नाही. तपासण्याची रीत चुकली, एवढेच ते म्हणाले.

वजाबाकीला दोन टोके असतात

आता या पद्धतीच्या मुळाशी असलेले गणित पाहू. गुणवाढ म्हणजे दोन मापनांची वजाबाकी. प्रत्येक मापनात थोडी त्रुटी असते. त्याच क्षमतेच्या विद्यार्थ्याने तीच परीक्षा दोन वेगळ्या दिवशी दिली तर गुण तंतोतंत तेच येत नाहीत. सॅटच्या एका विभागासाठी ही प्रमाण त्रुटी साधारण ३० गुणांची धरली जाते. दोन परीक्षा, प्रत्येकी दोन विभाग, म्हणजे वजाबाकीत चार मापने येतात. स्वतंत्र त्रुटींचे वर्ग मिळवायचे असतात. ३० चा वर्ग ९००. त्याची चौपट ३६००. त्याचे वर्गमूळ ६०. म्हणजे एकूण गुणांतील फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ६० गुण.

याचा अर्थ असा की, मधल्या काळात काहीही न शिकलेला विद्यार्थीही केवळ योगायोगाने ६० गुण वर किंवा खाली सरकू शकतो. प्रसामान्य वितरण धरले तर असे सहांपैकी एकाचे गुण ६० पेक्षा जास्त वाढतील आणि सुमारे चाळीसांत एकाचे १२० पेक्षा जास्त. पण ३५० ही मर्यादा त्या ६० च्या जवळजवळ सहापट आहे. तेवढी वाढ नुसत्या योगायोगाने होणे अशक्यप्राय. तेव्हा ‘एवढ्या वाढीला काहीतरी कारण असलेच पाहिजे’ हा संस्थेचा विचार योग्यच आहे.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. कारण असलेच पाहिजे हे खरे. पण ते कारण गैरप्रकारच असले पाहिजे, हे कशावरून? आजारपण, भीती, परभाषेशी झालेली ओळख, सहा महिन्यांचा कसून अभ्यास, उत्तरपत्रिकेवर चुकीच्या ओळीत भरत गेलेली वर्तुळे, ही सारी कारणे आहेतच की. शिवाय वजाबाकीला दोन टोके असतात. फरक मोठा आला, तर वरचा आकडा फुगलेला असेल किंवा खालचा आकडा दबलेला असेल. त्या विद्यार्थ्याच्या आजाराचा दाखला नेमके हेच सांगत होता: संशय घ्यायचा तर मे महिन्याच्या गुणांवर घ्या. पण ही पद्धत नेहमी दुसऱ्या आकड्याकडे बोट दाखवते. पहिले गुण फार कमी आले म्हणून त्यांच्या खरेपणावर शंका घेणारे पत्र कुणाला येत नाही. मापन म्हणून पाहिले तर दोन्ही आकड्यांचा दर्जा सारखाच आहे. त्यांतला एक जन्मतः खरा आणि दुसरा जन्मतः संशयित, ही समजूत विज्ञानातून आलेली नाही.

आणखी एक गंमत साध्या बेरजेतून दिसते. एकूण गुण १६०० च्या वर जात नाहीत. म्हणजे पहिल्या खेपेला १२५० किंवा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्याचे गुण ३५० पेक्षा जास्त वाढूच शकत नाहीत. त्याने डमी बसवून १६०० मिळवले तरी हा नियम हूं की चूं करणार नाही. हे जाळे फक्त खालून वर येणाऱ्यांवर पसरलेले आहे. तसे कुणी मुद्दाम केलेले नसेल. पण मोजपट्टी अशी आखली की परिणाम हाच होतो.

दुर्मीळ गोष्टींची यादी

‘प्रामाणिक विद्यार्थ्याचे गुण एवढे वाढणे फारच दुर्मीळ आहे, तेव्हा ज्याचे वाढले तो प्रामाणिक नसणार.’ हा युक्तिवाद आपल्याला पटकन पटतो, आणि तो चुकीचा आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

समजा, १,००,००० विद्यार्थ्यांनी परीक्षा दुसऱ्यांदा दिली. त्यांतील २०० जणांनी डमी बसवला आणि त्या २०० पैकी निम्म्यांचे, म्हणजे १०० जणांचे गुण ३५० पेक्षा जास्त वाढले. उरलेले ९९,८०० विद्यार्थी प्रामाणिक. त्यांच्यात एवढी वाढ हजारात एकाचीच होते असे धरू. म्हणजे तेही जवळजवळ १०० झाले. आता संशयितांच्या यादीत २०० नावे आहेत आणि त्यांतली निम्मी निर्दोष आहेत! प्रामाणिक मुलाची एवढी वाढ हजारात एकदाच होते, हे खरेच आहे. पण प्रामाणिक मुलांची संख्या फार मोठी असल्यामुळे यादीत त्यांची गर्दी होते. डमी बसवणारेही मुळात दुर्मीळच असतात. दोन दुर्मीळ गोष्टींची तुलना करायची असते. एकच दुर्मीळ म्हणून भागत नाही. बारावीच्या विद्यार्थ्यांना बेजच्या प्रमेयाची ओळख करून देताना हे उदाहरण वर्गात सहज घेता येईल.

ई.टी.एस.च्या सांख्यिकी जाणणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे नाही. म्हणूनच गुणवाढ हे चौकशी सुरू करण्याचे निमित्त मानायचे आणि गुण रद्द करायचे तर दुसरा पुरावा हवा, अशी त्यांची रीत होती. ही रीत तत्त्वतः चांगली आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण दुसरा पुरावा खरोखर दुसरा हवा. संशयित म्हणून आधीच बाजूला काढलेल्या दोन कागदांवरील अक्षरात फरक शोधायला बसले की फरक दिसतोच. सहा महिन्यांच्या अंतराने घाईघाईत लिहिलेल्या चार ओळींत तो कुणाच्याही दिसेल. एकाच अक्षराबद्दल तज्ज्ञांची मते परस्परविरुद्ध पडली, यावरून त्या पुराव्याचे वजन काय ते कळते.

सारखी चुकलेली उत्तरे

दुसरा नेहमीचा पुरावा म्हणजे उत्तरांचे साम्य. दोन विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरे सारखी असणारच, त्यात नवल नाही. पण चुकीची उत्तरेही सारखीच निघाली तर भुवया उंचावतात. बरोबर उत्तर एक असते. चुकण्याचे मार्ग मात्र अनेक. हे तत्त्व आपल्याकडचे शिक्षकही सहीसही वापरतात. ई.टी.एस.ने त्याला ‘के-निर्देशांक’ नावाचे सांख्यिकी रूप दिले.

समजा, प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय आहेत, म्हणजे चार चुकीचे. दोन मुले त्याच दहा प्रश्नांत चुकली. चुकीचे चारही पर्याय सारखेच आकर्षक असतील, तर एका प्रश्नात दोघांनी तोच चुकीचा पर्याय निवडण्याची शक्यता एकचतुर्थांश. दहाही प्रश्नांत तसे घडण्याची शक्यता दहा लाखांत एक. हे ऐकून कुणालाही वाटेल, चोर सापडला.

पण चुकीचे पर्याय कधीच सारखे आकर्षक नसतात. चांगला प्रश्न काढणारा माणूस मुद्दाम एक फसवा पर्याय ठेवतो. ऋण चिन्ह विसरणाऱ्याला, एककाचे रूपांतर न करणाऱ्याला नेमके तेच उत्तर मिळते. समजा, चुकणाऱ्यांपैकी ७० टक्के मुले त्या फसव्या पर्यायावर जातात आणि उरलेल्या तीन पर्यायांवर प्रत्येकी १० टक्के. आता एका प्रश्नात साम्य होण्याची शक्यता ०.४९ अधिक ०.०३, म्हणजे ०.५२ होते. दहा प्रश्नांत ती सातशेत एक एवढी येते. कुठे दहा लाख आणि कुठे सातशे! आणि परीक्षेच्या खोलीत १०० मुले असतील तर त्यांच्या ४,९५० जोड्या होतात. त्या सगळ्या जोड्या चाळून कुठे साम्य आहे ते पाहिले, तर अशा योगायोगांना भरपूर वाव मिळतो. अमुक दोघे शेजारी बसले होते हे आधी माहीत असणे वेगळे, आणि सगळा ढीग उपसून साम्य असलेली जोडी शोधून काढणे वेगळे. संख्याशास्त्रज्ञ या साऱ्याची दुरुस्ती करतात, ती करायलाच हवी. पण मुलाच्या हाती पडणाऱ्या पत्रात ही दुरुस्ती दिसत नाही.

त्यातच एकाच शिक्षकाकडे शिकलेली मुले असली तर ती चुकतातही एकाच पद्धतीने. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लॉस एंजेलिसचे आहे.

एका गाजलेल्या चित्रपटाची दुसरी बाजू

पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफील्ड हायस्कूल ही मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबांतील मुलांची शाळा. मूळचे बोलिव्हियाचे हाइमे एस्कालांटे तिथे १९७४ पासून गणित शिकवत होते. १९८२ साली त्यांच्या १८ विद्यार्थ्यांनी कलनशास्त्राची महाविद्यालयीन दर्जाची परीक्षा दिली आणि सगळे उत्तीर्ण झाले. ई.टी.एस.ने त्यांपैकी १४ जणांच्या उत्तरांतील साम्यावर बोट ठेवले. इथे वाढ एका विद्यार्थ्याची नव्हती, एका शाळेची होती. पण संशयाची जात तीच. बारा जणांनी ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा दिली आणि बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले.

या घटनेवर १९८८ साली ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा चित्रपट निघाला. एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी एस्कालांटे उभे केले. शिक्षकांनी आवर्जून पाहावा असा हा चित्रपट आहे. पण त्याच्या दोन उणिवा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली उणीव अशी की, साध्या अंकगणितात अडखळणारी मुले बघता बघता कलनशास्त्रात पारंगत होतात, असे चित्रपट पाहून वाटते. प्रत्यक्षात एस्कालांटे यांची कलनशास्त्राची पहिली तुकडी १९७९ साली परीक्षेला बसली, आणि १९८२ च्या यशामागे आठ वर्षांची मेहनत होती. बीजगणित, त्रिकोणमिती अशा पायऱ्या चढूनच मुले तिथवर आली होती. चित्रपटाने पायऱ्या गाळल्या आणि शिल्लक ठेवली ती उडी. परीक्षा-संस्थेलाही पायऱ्या दिसल्या नव्हत्या, उडीच दिसली होती. गौरव करणारा आणि संशय घेणारा, दोघांचाही दृष्टिदोष एकच.

दुसरी उणीव सत्याच्या बाबतीतली. पडद्यावर संस्थेचा संशय म्हणजे निव्वळ पूर्वग्रह. मुलांची नावे आणि पत्ते वेगळे असते तर हा संशय आला असता का, असा एस्कालांटे यांचा सवाल आहे आणि तो रास्तच आहे. पण पत्रकार जे मॅथ्यूज यांनी १९८८ साली लिहिलेल्या एस्कालांटे यांच्या चरित्रात गोष्ट इतकी सरळ नाही. त्यांनी दहा विद्यार्थ्यांच्या संमतीने उत्तरपत्रिका पाहिल्या, तेव्हा सहाव्या प्रश्नात नऊ जणांची चूक एकसारखी आढळली. आणि त्या एका प्रश्नाच्या वेळी कागद फिरला होता, असे दोघांनी त्यांना सांगितले. मॅथ्यूज हे एस्कालांटे यांचे चाहते होते, हे इथे ध्यानात घ्यावे.

म्हणजे मुलांना कलनशास्त्र येत होते हेही खरे, आणि संशयाला काही आधार होता हेही खरे असू शकते. दोन्ही विधाने एकमेकांना खोडत नाहीत. फेरपरीक्षेने काय सिद्ध झाले? मुलांना विषय येतो, हे. मेमध्ये खोलीत काय घडले, हे फेरपरीक्षा सांगू शकत नव्हती. आणि उलटही तितकेच खरे: फेरपरीक्षेत कुणी घसरला असता, तर त्यावरून त्याने आधी कॉपी केली होती असे ठरले नसते. अपराधी म्हणून बोट दाखवल्यावर, सुट्टीत विसरलेला विषय काही दिवसांत पुन्हा तयार करून दिलेली परीक्षा ही मूळ परीक्षेइतकी निर्मळ मोजणी नसते.

जाळ्याची भोके ठाऊक असणारे

एवढे करून खरे लबाड तरी सापडतात का? २०१९ साली अमेरिकेत श्रीमंत पालकांचा मोठा प्रवेश घोटाळा उघडकीस आला. त्यातला दलाल पैसे घेऊन मुलांची उत्तरे सुधारून घ्यायचा. सरकारी आरोपपत्रांतून एक बारकावा पुढे आला: मुलाने आधी परीक्षा दिली असेल तर नवे गुण किती ठेवायचे, हे हिशेबाने ठरवले जाई. प्रवेश मिळावा एवढे जास्त. पण संशय येईल इतके जास्त नाही. नियम ठाऊक असलेला लबाड नियमाच्या अलीकडे थांबतो. प्रामाणिक विद्यार्थी कुठे थांबणार? त्याला नियम ठाऊक नसतो आणि थांबण्याचे कारणही नसते. मोठ्या गुणवाढीवर बेतलेली चाळणी म्हणूनच उफराटी चालते. गाफील लबाड आणि प्रामाणिक मेहनती तिच्यात अडकतात. हिशेबी लबाड निसटतो. हा घोटाळा गुणांच्या चाळणीने उघड केला नाही. दुसऱ्याच एका आर्थिक गुन्ह्याच्या तपासात एकाने माहिती दिली, तेव्हा तो बाहेर आला.

याच्या उलट उदाहरण न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेक भागातले. २०११ साली तिथे पैसे घेऊन दुसऱ्यांच्या नावावर सॅट देणारा तरुण पकडला गेला. सुरुवात शाळेतूनच झाली. कुजबुज शिक्षकांच्या कानावर आली. मग शाळेने आपल्या शाळेऐवजी परक्या केंद्रावर परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांची यादी केली आणि त्यांचे सॅटचे गुण वर्गातील कामाशी ताडून पाहिले. इथे आकडा एकटा नव्हता. त्याला मूल ओळखणाऱ्या माणसांची जोड होती. पुढे २०१२ मध्ये अर्जासोबत विद्यार्थ्याचे छायाचित्र घेण्याची पद्धत आणली गेली. एक साधे छायाचित्र डमीला जेवढा आळा घालते, तेवढा मागाहून केलेली कितीही गणिते घालू शकणार नाहीत.

तरीही जुना प्रश्न मिटलेला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये फ्लोरिडातील एका विद्यार्थिनीचे गुण सात महिन्यांत ९०० वरून १२३० झाले आणि तिला गुणांवर शंका घेणारे पत्र आले. तिची उत्तरे इतर काही परीक्षार्थींच्या उत्तरांशी फार जुळतात, असे कारण पत्रात दिले होते. केवळ वाढीवरून आम्ही ठरवत नाही, असे संस्थेचे म्हणणे. पण लोकांच्या ध्यानात राहिले ते ३३० गुणच. ज्याच्यावर आरोप आहे त्याला साम्य नेमके कोणत्या प्रश्नांत आणि किती, हे समजेल अशा भाषेत सांगितले नाही, की आरोपाची जागा अफवा घेते.

आपल्याकडे

२०२४ च्या ‘नीट’ परीक्षेने असाच धडा आपल्यालाही दिला. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. देशभर संशयाचा धुरळा उडाला. नंतर कळले की, केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले होते, आणि भौतिकीच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरली होती. वाढीव गुण मागे घेऊन फेरपरीक्षेची संधी दिली गेली. ८१३ जण बसले. भौतिकीचे एकच उत्तर धरल्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवणारे १७ उरले. म्हणजे डोळ्यांत भरणाऱ्या आकड्याचा मोठा भाग परीक्षा-संस्थेच्याच निर्णयांतून आला होता. दुसरीकडे पाटणा आणि हजारीबाग येथे पेपर खरोखरच फुटला होता; सर्वोच्च न्यायालयानेही ते नमूद केले. तो मात्र गुणांच्या यादीवरून कळला नव्हता. पोलीस तपासातून कळला. आकड्यांनी जिथे बोट दाखवले तिथे चोरी नव्हती, आणि चोरी होती तिथे आकडे गप्प होते.

मग काय करावे?

संशय घेऊच नये, असे म्हणण्यात अर्थ नाही. डमी बसवून मिळवलेली एक जागा कुणा प्रामाणिक मुलाच्या तोंडचा घास असते. संस्थेने गुणांची जबाबदारी घेतलीच पाहिजे. ई.टी.एस.च्या रीतीतले फुकट फेरपरीक्षा, लवाद, आपली बाजू मांडण्याची संधी हे पर्याय घेण्याजोगेच आहेत. आपल्याकडच्या कितीतरी परीक्षांत एवढेही मिळत नाही. पण काही गोष्टी बदलायला हव्यात. वाढ हे निमित्त असावे, आरोप नव्हे. संशय दोन्ही गुणांवर सारखा असावा. शंका काढणारे आणि निवाडा करणारे वेगळे असावेत. कोणता पुरावा आहे ते विद्यार्थ्याला पूर्ण सांगावे. आणि त्याच्या शिक्षकाला विचारावे. या साऱ्या यंत्रणेत मुलाला ओळखणारा तो एकटाच असतो, आणि बहुधा त्यालाच कुणी विचारत नाही.

तो शिक्षक आपणच असतो. तेव्हा हीच कसोटी आपल्या वर्गालाही लावून पाहावी. सहामाहीत ३५ आणि वार्षिकला ८२ गुण मिळवणारा विद्यार्थी समोर आला, तर ‘शेजारी कोण होतं?’ हा प्रश्न विचारण्याआधी त्याला दोन नवी गणिते घालावीत, आणि तीही चारचौघांत नव्हे. त्याला ती आली तर ३५ गुण का पडले होते, याचा शोध घ्यावा. बरेचदा खरी दुरुस्ती तिथेच करायची असते.